पाणी कोण्या झाडापर्यंत येईन? एका पूररात्रीचं प्रकरण

वर्धा नदीच्या काठावरच्या एका गावाची ही हकीकत आहे. गावाचं आणि माणसांचं नाव देत नाही. त्या रात्री तहसिलीच्या आपत्ती कक्षात फोनपाशी मी बसलो होतो, आणि ज्या निरोपापासून गोंधळ सुरू झाला तो मीच टाइप केला होता. निवृत्तीनंतर सरपंच-ग्रामसेवकांच्या प्रशिक्षणात हे प्रकरण मी बरेचदा सांगितलं. सांगता सांगता जगातल्या काही नगरप्रमुखांची बोलणी त्याच्या शेजारी ठेवून पाहायची सवय लागली. न्यूयॉर्कचा महापौर आणि आमच्याकडची सरपंच यांना एका रांगेत बसवलं म्हणून एका प्रशिक्षणार्थीने मला हसून दाखवलं होतं. पण अंधारात उभ्या असलेल्या माणसांना काय सांगायचं, हा प्रश्न दोघांपुढे सारखाच असतो.

गाव आणि पाणी

दोनशेच्या आसपास घरं. उंचावर जिल्हा परिषदेची शाळा, मारुतीचं देऊळ आणि ग्रामपंचायत. उतारावर, नाल्याच्या अंगाने, खालचा मोहल्ला. नदी गावापासून दोन वावरं पलीकडे. पाऊस वाढला की सगळं गाव नदीकडे तोंड करून उभं राहतं, आणि चूक इथेच होते. नदी दुथडी भरली की नाल्याचं पाणी तिच्यात उतरत नाही. ते थोपतं, फुगतं आणि उलटं चढतं. आधी रस्त्यावरचा रपटा, म्हणजे नाल्यावरचा बुटका पूल, बुडतो, मग खालच्या मोहल्ल्याच्या मागच्या दारातून पाणी आत शिरतं. पूर समोर दिसतो आणि येतो पाठीमागून. हे गावातल्या बायांना पक्कं ठाऊक होतं, कारण नाल्यावर धुणं त्याच नेतात. आमच्या कार्यालयातल्या कोणत्याही कागदावर ते नव्हतं.

वर्धेच्या खोऱ्यात आणखी एक गोष्ट पुराच्या आधीच माणसाच्या मनात शिरलेली असते. 30 जुलै 1991 रोजी याच नदीने नरखेड तालुक्यातलं मोवाड बुडवलं, 204 माणसं गेली. आमच्या गावातल्या म्हाताऱ्यांनी ते पाहिलेलं नाही, पण ऐकलेलं आहे. ‘धरण’ आणि ‘फुटलं’ हे दोन शब्द जवळजवळ आले की या काठावर लोक पुढचं वाक्य ऐकायला थांबत नाहीत.

पहिला निरोप

आषाढातली झड तिसऱ्या दिवशीही उघडली नव्हती. दुपारी चारच्या पुढे वरच्या धरणावरून विसर्ग वाढवल्याचा निरोप आला. मी नेहमीचा मजकूर काढला, आकडा बदलला आणि तलाठी, ग्रामसेवक, पोलीस पाटील, सरपंच अशा सगळ्या ग्रुपवर टाकला: ‘धरणातून 1200 घनमीटर प्रति सेकंद विसर्ग सुरू असून नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे, घाबरून जाऊ नये, असे आवाहन करण्यात येत आहे.’

हा मजकूर माझ्या आधीच्या कारकुनाने लिहिलेला, त्याने त्याच्या आधीच्याकडून घेतलेला. त्यात बोलणारा कोणी नाही. ‘आवाहन करण्यात येत आहे’, पण करतं कोण? ‘नागरिकांनी’ म्हणजे खालच्या मोहल्ल्यातली बाई की वरच्या आळीतला दुकानदार? ‘सतर्क राहावे’ म्हणजे उठून काय करायचं? तेव्हा मला यातलं काहीच खटकलं नाही. कागद गेला, काम झालं.

पाचच्या सुमारास मारुतीच्या देवळातल्या लाऊडस्पीकरवरून तो निरोप वाचला गेला. वाचला सरपंचाच्या नवऱ्याने. सरपंचपद महिलांसाठी राखीव होतं, पण माईक राखीव नव्हता. त्याने शब्दन् शब्द बरोबर वाचला आणि खालच्या मोहल्ल्यातून कोणीही हललं नाही. दहा-पंधरा पोट्टे मात्र मोबाईल घेऊन नदीवर पूर पाहाले गेले.

‘घाबरू नये’ या दोन शब्दांनी इटलीतल्या लाक्विला शहरात काय केलं, ते मला पुष्कळ नंतर वाचायला मिळालं. 2009 साली तिथे कित्येक आठवडे भूकंपाचे लहान धक्के बसत होते. 31 मार्चला तज्ज्ञांची बैठक झाली. नागरी संरक्षण खात्याच्या उपप्रमुखांनी त्याच सुमारास टीव्हीवर सांगितलं की लहान धक्क्यांतून ऊर्जा निघून जाते आहे, म्हणजे परिस्थिती अनुकूलच आहे. मग निवांत वाईनचा पेला घ्यायचा का, असं पत्रकाराने विचारल्यावर त्यांनी तिथल्या एका वाईनचं नावही घेतलं. 6 एप्रिलच्या पहाटे मोठा भूकंप आला, 309 माणसं गेली. मला लागलं ते खटल्यातल्या साक्षींमध्ये सापडलं. त्या शहरात जुनी रीत होती, धक्का बसला की घराबाहेर येऊन रात्र काढायची. त्या रात्री काही घरांनी ती रीत मोडली, कारण टीव्हीवर धीर दिला गेला होता. 2012 मध्ये सात जणांना शिक्षा झाली. पुढे अपिलात सहा शास्त्रज्ञ सुटले. उपप्रमुखांची शिक्षा कमी झाली, पण राहिली. विज्ञानाला कोर्टात उभं केलं म्हणून जगभर आरडाओरडा झाला, आणि तो काही अंशी बरोबरही होता. तरी लोकांकडे स्वतःचं शहाणपण असताना ते झोपवून टाकणारा धीर कोणी द्यावा का, हा प्रश्न त्या आरड्याओरड्यात हरवला. आमच्या खालच्या मोहल्ल्यातल्या बायांनी दुपारीच ओळखलं होतं की नाला वाहायचा थांबला आहे. भोंग्याने सांगितलं घाबरू नका, म्हणून त्यांनी चुली पेटवल्या.

42 हजार

साडेसहाला दुसरा निरोप फिरला. तो आमचा नव्हता. दुसऱ्या एका ग्रुपवरून कोणीतरी पुढे ढकलला होता: ‘विसर्ग 42 हजार.’ तासाभरापूर्वी 1200 आणि आता 42 हजार! गावाने त्याचा एकच अर्थ लावला.

विसर्ग तेवढाच होता. एक घनमीटर म्हणजे साधारण 35.3 घनफूट. आमच्या निरोपात घनमीटर होते, त्यांच्या निरोपात क्युसेक, म्हणजे सेकंदाला घनफूट. 1200 ला 35.3 ने गुणलं की 42 हजारांच्या घरात आकडा येतो. पाणी एका थेंबानेही वाढलं नव्हतं, फक्त मोजायचं भांडं बदललं होतं. पाटबंधारेवाल्यांना यात काही वेगळं वाटत नाही. गावात ‘धरण फुटलं’ झालं.

दोन ट्रॅक्टर सुरू झाले. बाया, पोरं, गाठोडी, बकऱ्या ट्रॉलीत चढल्या आणि निघाल्या डांबरी रस्त्याकडे. त्या रस्त्याआधी रपटा होता, आणि तो गुडघाभर पाण्याखाली गेला होता. पहिल्या निरोपाने लोक नको तिथे बसून राहिले, दुसऱ्याने नको तिकडे पळाले.

फोन

याच वेळी आपत्ती कक्षातला फोन वाजला. ‘साहेब, मी सरपंच बोलून राह्यली. धरन फुटलं का?’ नाही फुटलं, असं मी सांगितलं. ‘मंग 42 हजार कायचे?’ मी घनमीटर-क्युसेक समजावू लागलो. तिने मध्येच तोडलं. ‘साहेब, आकडा नोका सांगू. पानी कोण्या झाडापर्यंत येईन, थे सांगा.’

मी गप्प झालो. एवढ्या नोकरीत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. माहीत नाही, ताई, एवढंच म्हणालो आणि थांबा म्हणून धरणावरच्या अभियंत्याला दुसऱ्या फोनवरून गाठलं. तो आधी वैतागला, मग त्याने अंदाज दिला: मागच्या मोठ्या पुरापेक्षा दोन-तीन हात वर जाऊ शकतं, रात्री दोन-तीनच्या दरम्यान, वर पाऊस थांबला तर कमी. मी ते जसंच्या तसं तिला सांगितलं. ‘म्हंजे शाळेजवळची चिच,’ ती म्हणाली आणि फोन ठेवला.

माझ्या मते या प्रकरणाचा गाभा इथे आहे. माहिती एकाकडे होती आणि आवाज दुसऱ्याकडे. आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 सालचा. जिल्हा प्राधिकरणाचा अध्यक्ष जिल्हाधिकारी, सहअध्यक्ष जिल्हा परिषदेचा अध्यक्ष. धरणाचा आकडा येतो तो या साखळीतून. गाव ऐकतं ते गावातल्या माणसाचं. या दोघांमध्ये माझ्यासारखा कारकून बसलेला असतो आणि तो ‘सतर्क राहावे’ लिहितो. हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. चीनमधल्या वुहानच्या महापौरांनी 27 जानेवारी 2020 रोजी सरकारी दूरचित्रवाणीवर कबूल केलं की कोरोनाची माहिती वेळेत जाहीर झाली नाही. स्थानिक शासन म्हणून आपल्याला परवानगी मिळाल्यावरच ती जाहीर करता येते, हेही त्यांनी सांगून टाकलं. लोकांनी त्यांना झोडपलं. मला मात्र त्या वाक्यात आमच्या टेबलाचा ओळखीचा वास आला.

11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यानंतर, त्याच दुपारी, न्यूयॉर्कचे महापौर रूडी जुलियानी यांना मृतांचा आकडा विचारला गेला. तो त्यांच्याकडे नव्हता. आकडा असेल तो आपल्यापैकी कोणालाही सोसवणार नाही एवढा असेल, अशा अर्थाचं ते बोलले. पुढच्या आयुष्यात त्यांनी जे दिवे लावले ते लावले, त्याचा इथे संबंध नाही. त्या दिवशी त्यांचं स्वतःचं आपत्ती केंद्र जागतिक व्यापार केंद्राच्या (वर्ल्ड ट्रेड सेंटर) सातव्या इमारतीत होतं, तेच रिकामं करावं लागलं आणि ते रस्त्यावरून धुळीत चालत होते. ‘माहीत नाही’ हे शहराने त्यांच्याकडून ऐकून घेतलं, कारण ते कुठे उभं राहून बोलत आहेत ते सगळ्यांना दिसत होतं.

तिने माईक घेतला

सातला लाऊडस्पीकर पुन्हा खरखरला. ते बोलणं एका पोट्ट्याने मोबाईलवर टिपलं होतं, म्हणून ते मला नंतर ऐकता आलं. लिहून काढलं ते असं:

‘हॅलो. मी सरपंच बोलून राह्यली. मी सोता बोलून राह्यली. मामाजी, आत्याबाई, भाऊजी, समद्यायनं आइका. धरन फुटलं नाही. मी आत्ताच तहसीलीत इचारलं. दरवाजे उघडले आहेत, तं पानी येईन हे खरं आहे. शाळेजवळच्या चिचेपर्यंत येऊ शकते, रातच्या दोन-तीन वाजता. कमी येईन का जास्त, थे त्यायलेबी माहीत नाही अन् मलेबी नाही. नदीकडं पाहू नोका, पानी नाल्याकून येईन. रपट्यावर कोनी जाऊ नोका, ट्रॅक्टर वापस फिरवा. खालच्या मोहल्ल्यानं शाळेत यायचं. ढोरायचे दावे सोडून द्या, थे आपली वाट काढतात. आपन समदे शाळेतच राहू, माही सासू अन् लेकरं तिथंच बसले आहेत. कोनाचं एक गंज वाहून गेलं तरी मी लिहून घेईन. आठ वाजता पुन्हा बोलीन. काही नवं असलं तरी बोलीन, नसलं तरी बोलीन.’

सून म्हणून तिने सुरुवात केली, ‘मामाजी, आत्याबाई’ म्हणून. या गावात सासऱ्याच्या वयाच्या माणसांसमोर तिने कधी आवाज चढवला नव्हता. भोंग्यावरून तर नाहीच. नवरा शेजारी उभा राहून खुणा करत होता, असं नंतर कळलं. पण ‘मामाजी’ म्हटलेल्या माणसाला ते ऐकून घेणं भाग पडतं. दुसरी गोष्ट, तिने ‘आपन’ म्हटलं. आपल्या भाषेत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांच्यात जी भिंत आहे ती कार्यालयीन मराठीने कधी ओलांडली नाही. तिथे एक तर ‘प्रशासन’ असतं, नाहीतर ‘नागरिक’.

आकड्याच्या जागी चिंच आली. आठला ती पुन्हा बोलली, नऊला बोलली. दहाला सांगण्यासारखं काहीच नव्हतं, तरी ‘नवं काही नाही’ एवढं सांगून गेली. साडेदहाला वीज गेली. मग कोतवालाने डफडं घेतलं आणि अकराची दवंडी मोहल्ल्या-मोहल्ल्यातून फिरली. शाळेत बसलेल्या बायांनी मला सांगितलं की त्या घड्याळाकडे डोळे लावून होत्या. पुढचा निरोप कधी येणार हे ठाऊक असल्यामुळे मधल्या वेळात वावड्या उठल्या नाहीत. यापेक्षा स्वस्त उपाय मी तरी पाहिलेला नाही.

जपानमधल्या मिनामिसोमाचे तेव्हाचे महापौर कात्सुनोबू साकुराई यांची मला इथे आठवण येते. फुकुशिमाच्या अणुभट्टीपासून पंचवीसेक किलोमीटरवरचं त्यांचं शहर. 2011 च्या मार्चमध्ये, अणुभट्टीच्या अपघातानंतर, लोकांना घरातच थांबायचा आदेश होता. किराणा येत नव्हता, पेट्रोल येत नव्हतं, पत्रकारही निघून गेले होते. साकुराई कामाचं जाकीट घालून कॅमेऱ्यासमोर बसले आणि अकरा मिनिटं बोलले. आमच्याकडे माहिती येत नाही, मदत पाठवा, स्वयंसेवक पाठवा, हे त्यांनी सरळ सांगितलं. ती चित्रफीत यूट्यूबवरून जगभर गेली. जपानी सार्वजनिक बोलण्यात संयमाची केवढी मोठी परंपरा आहे ते लक्षात घेतलं, तर एका महापौराने सगळ्यांसमोर पदर पसरणं किती जड गेलं असेल ते कळतं. आमच्या सरपंचानेही आपली रीत मोडली, फक्त वेगळी. त्यांनी संयम मोडला, हिने मर्यादा.

कोणी कोणाला रागवायचं

ट्रॅक्टर परत फिरले. खालचा मोहल्ला शाळेत आला, एक घर सोडून. तिथला म्हातारा बैलजोडी सोडून यायला तयार नव्हता. सरपंच स्वतः गेली, हात जोडले, पण तो म्हणाला, ‘तू जा बाई.’ तिने वाद घातला नाही. शाळेतून त्याच्या थोरल्या बहिणीला उठवून आणलं. म्हातारीने पाण्यात उभं राहून भावाला अशा शिव्या घातल्या की त्या इथे छापता येणार नाहीत. दहा मिनिटांत तो निघाला.

रागावण्याचा अधिकार पदातून येत नाही, नात्यातून येतो. केपटाऊनच्या महापौर पॅट्रिशिया डी लिल यांनी 18 जानेवारी 2018 ला दुष्काळाबद्दल निवेदन केलं. परतीची वाट उरलेली नाही, आणि 60 टक्के केपटाऊनकर बेपर्वाईने रोज माणशी 87 लिटरहून जास्त पाणी वापरतात, असं त्या म्हणाल्या. 1 फेब्रुवारीपासून माणशी 50 लिटरची मर्यादा आली. शहराचे नळ बंद करावे लागतील अशी ज्या दिवसाची भीती होती, तो दिवस शेवटी आला नाही. त्यात कपातीचा, दराचा आणि नंतरच्या पावसाचाही वाटा होता. पण ‘तुम्ही बेपर्वा आहात’ हे वाक्य शहराच्या जिव्हारी लागलं. झोपडपट्टीत सार्वजनिक नळावर रांग लावणारा माणूस आणि पोहण्याचा तलाव भरणारा माणूस त्या एका वाक्याने एकाच दावणीला बांधले गेले. उलट 2020 च्या मार्चमध्ये, कोरोनाच्या टाळेबंदीत, इटलीत बारी शहराचे महापौर अंतोनिओ देकारो स्वतः रस्त्यावर उतरून लोकांना घरी जा म्हणून दटावत होते. त्या चित्रफिती लोकांनी हसत हसत एकमेकांना पाठवल्या. ते समोरच्या माणसाला दटावत होते, आकडेवारीतल्या 60 टक्क्यांना नाही.

बेडा

इथवर गोष्ट चांगली वाटते. पण गावापासून अर्धा-पाऊण किलोमीटरवर पारध्यांचा बेडा, म्हणजे वस्ती, आहे, आणि भोंग्याचा आवाज तिथवर जात नाही. जोरदार पावसात तर मुळीच नाही. संध्याकाळभर कोणालाही त्यांची आठवण झाली नाही: मला नाही, पोलीस पाटलाला नाही, सरपंचालाही नाही. दहाच्या सुमारास शाळेत चौथीतल्या एका पोराने विचारलं की आपल्या वर्गातला अमका कुठे आहे. तेव्हा दोघं जण टॉर्च घेऊन गेले. बेडा रिकामा होता. नाला थोपलेला पाहून ती माणसं दुपारीच टेकडावर चढली होती. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, म्हणूनच ‘घाबरू नका’ हेही त्यांच्यापर्यंत पोचलं नव्हतं. प्रशिक्षणात हा भाग सांगितला की लोक हसतात. मला हसू येत नाही.

नंतर

पाणी अडीचच्या सुमारास चिंचेच्या अलीकडे थांबलं. तिसेक घरांत शिरलं. माणूस एकही गेला नाही. काही बकऱ्या गेल्या, आणि त्या म्हाताऱ्याच्या जोडीतला एक बैल गेला. दावं त्याने सोडलं होतं, पण बैल गोठ्यातून बाहेर पडलाच नाही.

मग पंचनामे सुरू झाले. ‘एक गंज वाहून गेलं तरी मी लिहून घेईन,’ हे त्या रात्रीचं सर्वांत चांगलं वाक्य होतं. बाया भांडी-कुंडी टाकून निघाल्या त्या त्याच्याच भरवशावर. पण ते तिचं नव्हतंच. पंचनामा तलाठी करतो. घर किती पडलं, किती वेळ पाण्यात होतं, याच्या अटी वरून येतात. तिने खरोखर वहीत सगळं लिहून घेतलं: गंज म्हणजे पातेलं, कोपर म्हणजे परात, तिखटाचा डबा, कॉलेजातल्या पोरीची पुस्तकं. त्या वहीला कार्यालयात कोणी हात लावला नाही. तीसपैकी निम्म्याहून कमी घरांची नावं यादीत आली. ‘तू तं भोंग्यावर बोलली होती,’ हे तिला पुढे वर्षभर ऐकावं लागलं. ते वाक्य तिने बोलायला नको होतं, असं मी काही वर्षं शिकवत आलो. आता तितक्या खात्रीने सांगत नाही. ते नसतं तर किती जणी भांड्यांपाशी बसून राहिल्या असत्या, याचा हिशेब कोणत्या यादीत येतो?

पुढच्या वर्षी मृगाआधी तिने मला फोन केला. त्या रात्री पाणी जिथवर आलं ती रेघ शाळेखालच्या उतारावरच्या खांबावर रंगवून घ्यायची होती, म्हणजे पुढचा कारकून आकडा सांगेल तेव्हा गावाला तो रेघेच्या हिशेबात मागता येईल. मी अभियंत्याला घेऊन गेलो, त्याने पातळी लावून दिली. पेंटरने निळी रेघ ओढली, तिच्यावर ‘पूररेषा’ लिहिलं आणि खाली तारीख टाकली. तारखेखाली ‘सौजन्य’ म्हणून सरपंचाच्या नवऱ्याचं नाव आहे.